वांग्यांना मीठ पाजणारी माणसं

आमच्या केंद्रात निष्कर्ष कमी निघतात आणि किस्से जास्त. निष्कर्ष काढायला तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि दर वेळी वेगळंच काहीतरी होतं. किस्सा मात्र पहिल्या फटक्यात तयार होतो! माझ्या माहेरी धुळ्याला गेले की भाऊ आधी चहा ठेवायला लावतो आणि मग विचारतो, "काय गं, या महिन्यात वांग्यांनी काय केलं?" माझ्या तब्येतीची चौकशी त्याच्यानंतर.

तर आमचं केंद्र जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेच्या आत. मी तिथली प्रयोगशाळा सांभाळते. काम काय, तर रोपांना खारं पाणी द्यायचं, ती कशी कोमेजतात ते बघायचं, आणि मग त्यांच्यावर संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे फवारे मारून ती सावरतात का ते पाहायचं. तापीकाठच्या कितीतरी विहिरींचं पाणी खारं झालंय, जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, झाल्यात, त्यामुळे काम महत्त्वाचं आहे यात वाद नाही. पण "तुम्ही दिवसभर काय करता?" याचं खरं उत्तर "वांग्यांना मीठ पाजतो" असंच आहे. हे उत्तर ऐकल्यावर माणसं आपल्याकडे ज्या नजरेनं बघतात, तिची सवय व्हायला मला बरीच वर्षं लागली.

या सगळ्या किश्शांच्या मधोमध आहे योगिता. भडगावची मुलगी, पीएच.डी. करायला आमच्याकडे आली. तिचं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. खाऱ्या पाण्यावरच्या वांग्याला सॅलिसिलिक आम्लाचा हलका फवारा मारला, तर मीठ मुळापाशीच अडतं, वर फळात कमी जातं. बस्स, एवढं सिद्ध करायचं होतं. पण तिचा प्रयोग दर वेळी कोणीतरी बुडवायचा, आणि तोही अगदी चांगल्या मनानं! मुदतवाढ एकदा मिळाली, दुसऱ्यांदा मिळाली. मग कळलं की आता बाहेरून समिती येणार आणि काम बघूनच ठरवणार. समितीनं मान डोलावली नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि योगिता डिग्रीशिवाय भडगावला परत. पोरगी वाळून काडी झाली होती. मला तिच्याकडे बघून वाईट वाटायचं, आणि तरीही हसू यायचं. त्याला माझा इलाज नाही.

*

सुरुवात महाजन सरांपासूनच करायला हवी. सर आमचे प्रमुख. विद्वान माणूस, पण सगळं जग त्यांना हार्मोन्समधूनच दिसतं. ऑफिसातले चौधरी भाऊसाहेब दुपारी खुर्चीत पेंगायला लागले की सर म्हणणार, "अॅब्सिसिक वाढलंय." हे अॅब्सिसिक आम्ल म्हणजे झाडाला ताण आला की पानांची बारीक छिद्रं बंद करणारं हार्मोन. भाऊसाहेब म्हणायचे, "सर, अॅब्सिसिक नाही, घरून डाळ-बट्टी खाऊन आलोय!"

एकदा गेटवर नवीन पाटी लावली, 'वनस्पती संप्रेरक विभाग', आणि खाली सरांच्या हौसेखातर मोठ्या अक्षरात 'हार्मोन संशोधन'. दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ बायकोला घेऊन हजर. हातात थायरॉइडचे रिपोर्ट. 'वनस्पती' हा शब्द त्यांनी वाचला होता, पण त्यांना वाटलं की आयुर्वेदिक असेल.

मी सांगणार तेवढ्यात सरांनी त्यांना आत बोलावलं. इतक्या आस्थेनं हार्मोन्सबद्दल विचारणारा माणूस त्यांना वर्षानुवर्षांत भेटला नव्हता. सरांनी फळ्यावर झाड काढलं, ऑक्झिन समजावलं, उजेडाच्या उलट्या बाजूला ऑक्झिन साठतं आणि म्हणून कोंब सूर्याकडे वळतो, वगैरे. नवरा-बायको माना डोलवत होते. बाईंनी तर पदराला हात पुसून नमस्कार केला. मी बाहेर त्यांना गाठून सांगितलं की गोळ्या बंद करू नका आणि चांगल्या डॉक्टरांकडे जा.

महिन्यानं गृहस्थ परत आले, पेढे घेऊन. "मॅडम, हिला खूप फरक पडला!"

"डॉक्टरांनी गोळी बदलली का?"

"नाही, गोळी तीच आहे. पण सरांनी सांगितल्यापासून रोज सकाळी सूर्याकडं तोंड करून बसवतो!"

सरांनी दोन पेढे खाल्ले. रिपोर्ट बघायला मागितले नाहीत.

*

योगिताचा पहिला प्रयोग नानांनी बुडवला. नाना म्हणजे आमच्या शेडची रोपं बघणारे. हेही भडगावकडचेच, त्यामुळे योगितावर त्यांचा विशेष जीव. आयुष्यभर रोपं जगवली. आणि आता उतारवयात त्यांच्यासमोर एक मुलगी रोज सकाळी रोपांना मोजून मीठ पाजायला लागली.

काही दिवस झाले आणि एक चमत्कार दिसायला लागला. साध्या पाण्यावरची वांगी ठीकठाक. खाऱ्या पाण्यावरची मात्र तरारलेली, हिरवीगार, पानं अशी रुंद! फवारा मारलेलीही तशीच, न मारलेलीही तशीच. सर नाचायचे बाकी राहिले. "योगिता, हे काहीतरी वेगळंच आहे! मिठानं वाढ होतेय! आपण पेपर लिहूया!" योगिता बिचारी गोंधळली. मी कुंडीतल्या मातीचं पाणी घेऊन मीटर बुडवला. खारटपणाचा पत्ताच नाही. माती आमच्या पिण्याच्या पाण्याइतकी गोड.

नानांना बोलावलं. ते आले आणि खाली मान घालून उभे राहिले.

"नाना, तुम्ही या कुंड्यांना पाणी दिलंत?"

"दिधं," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "रोपं मान टाकी देतंस, माले दखायनं नही. ती पोरगी खारं पानी दी जास, मंग मी धुई काढस अन गोडं पानी पाजी देस. पाप लागी ना, सर!"

सर म्हणाले, "अहो, हा प्रयोग आहे!"

"परयोग व्हई, पन त्यासले जीव शे ना!"

 सरांनी तासभर समजावलं की काही रोपं त्रासात राहिली तरच पुढं शेतकऱ्याचं भलं होईल. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग जरा रागावूनच म्हणाले, "मारनंच व्हतं तं माले पहिलेच सांगी देता! मी पानीच बंद करी टाकतू."

*

दुसऱ्या वेळी योगितानं शहाणपण केलं. रोपं शेडमध्ये न ठेवता ग्रोथ रूममध्ये ठेवली. ग्रोथ रूम म्हणजे बंद खोली, दिवे लावलेले, तापमान ठरवलेलं, चावी दोघांकडेच. एक योगिताकडे आणि एक ऑफिसात चौधरी भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. नानांना बाहेर बाक दिला. ते तिथं बसून दरवाज्याकडं दुःखानं बघायचे.

सगळं छान चाललं होतं. आणि एका सोमवारी दार उघडलं तर सगळीच रोपं गळपटलेली! खाऱ्या पाण्यावरची, गोड पाण्यावरची, फवारलेली, न फवारलेली, सगळ्यांची पानं खाली वळलेली, निम्मी पिवळी पडून गळलेली. योगिता एकेक गळलेलं पान वेचायला लागली.

आम्ही रोग बघितला, कीड बघितली, पाणी तपासलं. सरांनी भिंगातून पानं न्याहाळली आणि म्हणाले, "ही तर इथिलीनची लक्षणं वाटतात." इथिलीन म्हणजे तो वायू, जो पिकणारं फळ सोडतं आणि जो झाडाला सांगतो की आता म्हातारं हो. "पण इथं इथिलीन येणार कुठून?"

तेवढ्यात मला वास आला. जळगावात राहणाऱ्या माणसाला तो वास झोपेतही ओळखता येतो. रॅकच्या मागं पोत्यात गुंडाळून केळीचे घड ठेवलेले! एक नाही, चांगली सोय करून मांडलेले.

चौधरी भाऊसाहेबांकडे घरी सत्यनारायण होता. रावेरकडच्या नातेवाइकांनी कच्ची केळी पाठवली होती, आणि भाऊसाहेबांनी विचार केला की एवढी उबदार, बंद, दिवे लावलेली खोली रिकामीच तर आहे! वांगी त्यांनी मोजलीच नव्हती. सुट्टीच्या दोन दिवसांत केळी पिकली आणि त्यांच्या वायूनं आमच्या रोपांना म्हातारपण आलं.

सर पेटले. असे पेटले की मला वाटलं आज भाऊसाहेबांचं काही खरं नाही. बोलता बोलता त्यांनी पुरावा म्हणून एक केळं उचललं, साल काढलं, हवेत नाचवलं, आणि रागाच्या भरात खाऊन टाकलं. मग एकदम आवाज खाली आला.

"पण पिकलीत मात्र एकसारखी!"

पुढचे कित्येक दिवस शेजारच्या विभागातली माणसं येऊन हळूच विचारत होती, "मॅडम, ग्रोथ रूम रिकामी कधी होतेय? घरी लग्न आहे."

*

मध्येच एक धुळ्याचा किस्सा सांगते, कारण तो सांगितला नाही तर माझा भाऊ रागावेल. पानांची छिद्रं किती उघडी आहेत हे मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे बंद पडलेलं होतं. धुळ्याला एका ओळखीच्यांकडे होतं. त्यामुळे योगिता आणि मी नव्या रोपांतल्या काही कुंड्या घेऊन एसटीनं निघालो. खाऱ्या पाण्यावरची रोपं, माना टाकलेली. आम्ही दोघी उभ्या, आणि कुंड्या सीटवर. मांडीवर घेतल्या तर पानं चुरगळतील ना!

कंडक्टर आला. "माणसं उभी आणि वांगी बसलेली! यांची तिकिटं काढा मग."

काढली. त्याला वाटलं होतं आम्ही कुंड्या उचलू. मग तोच ओशाळला आणि म्हणाला, "राहू द्या, बसू द्या त्यांना."

एरंडोलपर्यंत सगळ्या गाडीला कळलं की रोपं आजारी आहेत आणि धुळ्याला तपासायला चाललीत. लोक मागून येऊन बघून जायचे. एका आजोबांनी विचारलं की मोठ्या दवाखान्यात नेताय की खासगी. दोघांनी बाटलीतलं पाणी घालायचा प्रयत्न केला, तो योगितानं हात आडवे घालून थोपवला.

पारोळ्याला एक नर्सबाई चढल्या. पांढरा गणवेश, पिशवी, अधिकारवाणी. त्यांनी एक पान दोन बोटांत धरून तपासलं आणि आमच्यावर खेकसल्या, "अहो, लक्ष कुठंय तुमचं? डिहायड्रेशन झालंय! मीठ-साखरेचं पाणी द्या आधी!"

योगिता थकलेल्या आवाजात म्हणाली, "मिठाचं दिलंय हो. साखर तेवढी राहिली."

*

अमळनेरकडच्या एका गावात शेतकरी मेळावा होता. सरांना भाषणाला बोलावलं. मी त्यांना बजावलं होतं की सोपं बोला. सर सोपं बोलले, तिथंच घोटाळा झाला. म्हणाले, "हे सॅलिसिलिक आम्ल म्हणजे काही परकं नाही. डोकेदुखीच्या गोळीची चुलत बहीणच समजा!"

पुढं सर पंधरा मिनिटं मात्रा, पातळ द्रावण, चाचणी अजून चालू आहे, घाई करू नका, असं सगळं सांगत होते. ते कोणीच ऐकलं नाही. सगळा मांडव चुलत बहिणीवरच थांबलेला होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागून एक जण उठला. "सर, कपाशीले गोळी जेवनना पहिले देवानी का मंग?"

सरांना आधी कळेना. मग ते कळवळून म्हणाले, "अहो, गोळी नाही द्यायची! ती माणसांची आहे. कपाशी जेवते कधी?"

"खत टाकतस ना, सर. मंग तेच जेवन!"

टाळ्या पडल्या. प्रश्न विचारणाऱ्याला, सरांना नव्हे.

दोन दिवसांनी त्या गावच्या मेडिकलवाल्या शेठचा फोन. आवाजात काळजी. "सर, तुम्ही येऊन गेल्यापासून गावात सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलंय. काही साथ आहे का? आणि एक विचारायचं होतं, लोक डोकेदुखीची गोळी मागताहेत ती फवारणीच्या पंपाच्या हिशोबानं का मागताहेत?"

सरांना परत त्या गावात जाऊन दुसरं भाषण करावं लागलं. त्या वेळी त्यांनी नातेवाईक कोणाचेच काढले नाहीत.

*

तिसरा प्रयोग मोठ्या कुंड्यांत, शेडमध्येच केला. नानांकडून योगितानं शपथ घेतली, त्यांच्या नातवंडांची. भाऊसाहेबांना केळीची बंदी. आता काही चुकायला जागाच नव्हती. गोड पाण्यावरची वांगी डौलदार, खाऱ्या पाण्यावरची खुरटलेली, आणि फवारलेली मधल्या मध्ये सावरलेली. अगदी पुस्तकात असतं तसं! योगिता त्या दिवसांत गुणगुणायला लागली होती.

आणि मग तिची आई आली.

आई भडगावहून मुद्दाम आली होती. पोरगी घरी फोनवर रडते, दर वेळी काहीतरी विघ्न येतं, हे त्या माउलीनं ऐकलेलं. तिनं शेड बघितलं, कुंड्यांवरून हात फिरवला, आम्हा सगळ्यांना शंकरपाळे दिले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. इतकी साधी, गोड बाई. जाताना मला म्हणाली, "मॅडम, आता काळजी नका करू. सगळं नीट होईल."

पुढच्या आठवड्यात गोड पाण्यावरची, म्हणजे सगळ्यांत चांगली वांगी मान टाकायला लागली. कडा करपल्या, पानं झडली. खारं पाणी पिणारी मात्र होती तशीच. आमचा सगळा तक्ता उलटा! सर डोकं धरून बसले. मी मीटर बुडवला तर गोड पाण्याच्या ड्रममध्ये समुद्र!

योगिताच्या मनात काय आलं देव जाणे, तिनं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, तू शेडमध्ये काही केलंस का?"

"काही नाही गं. तुझ्या कष्टाले कोनीतरी नजर लायेल शे, म्हनीसन दृष्ट काढी टाकी फक्त. मोहरी मी घरूनच लयेल व्हती. मीठ तठलंच लिधं, मोठी बरणी भरेल व्हती ना."

ती बरणी आमच्या प्रयोगाच्या मिठाची. दृष्ट काढायला चिमूटभर पुरतं, पण कुंड्या बऱ्याच होत्या आणि आईचा हात मोकळा.

"आणि ते मीठ टाकलंस कुठं?"

"पाण्यात! मग काय वाटंवर टाकू? कोनाना पायखाले उनं म्हंजे!"

सरांना राहवेना. ते फोनकडं वाकून अगदी आर्जवानं म्हणाले, "ताई, पण तुम्ही नेमकी चांगल्या कुंड्यांचीच दृष्ट का काढलीत? आणि त्यांच्याच ड्रममध्ये मीठ का टाकलंत?"

"मंग कोनी काढानी?" आईला प्रश्नच कळला नाही. "मरेलले कोन नजर लावस, सर?"

योगिता आईवर ओरडायला गेली. मग म्हणाली, "आई, जेवलीस का?" मला त्या क्षणी ती मुलगी फार आवडली.

*

आता शेवटचा. समिती येणार तो दिवस.

कुंड्या संपल्या होत्या, वेळ संपत आला होता. पण योगितानं एक गोष्ट बाजूला करून ठेवली होती. अमळनेर तालुक्यात तापीच्या अंगाला एक आबा आहेत, त्यांच्या विहिरीचं पाणी खारं. त्यांच्या शेतात तिनं भरिताची वांगी लावली होती. दोन तुकडे, दोघांना तेच खारं पाणी. एकावर सॅलिसिलिकचा फवारा, दुसऱ्यावर नुसतं पाणी. फवारलेल्या तुकड्याला खुणेसाठी पांढरं फडकं, दुसऱ्याला लाल. आबांना आणि त्यांच्या घरच्या विमलअक्कांना तिनं पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावलेली की काहीही झालं तरी लाल आणि पांढरं एकत्र करायचं नाही. आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं. दोघंही इतकी सरळ माणसं की गवतसुद्धा दोन वेगळ्या ढिगांत टाकायची!

आदल्या दिवशी तोडणी करून योगितानं वांगी दोन क्रेटमध्ये भरली, एकेका क्रेटला फडकं बांधलं आणि आबांना सांगितलं, "ही उद्या साहेबांसाठी आहेत. नीट ठेवा." समितीसमोर वजन करायचं, फळं कापायची, नमुने भरून त्यातलं मीठ तपासायला पाठवायचं, असा बेत होता. तिच्या साऱ्या कामाचा पुरावा त्या दोन क्रेटमध्ये होता. दुसरं काहीही शिल्लक नव्हतं.

समितीचे अध्यक्ष साहेब म्हणजे कडक माणूस. आल्यापासून चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. गाडीत योगिता फवाऱ्याबद्दल, लाल-पांढऱ्या फडक्यांबद्दल सांगायला लागली तर म्हणाले, "बाई, ऐकून ऐकून कंटाळलोय. फवारे सगळ्यांचेच चमत्कार करतात. मला आकडे दाखवा." तिनं फाइल मिटून मांडीवर ठेवली. वाटेत सरांनी वातावरण हलकं करायला विचारलं की आमच्याकडचं जेवण चालेल ना, तर साहेब म्हणाले, "मला बी.पी. आहे. घरी कित्येक वर्षं जवळजवळ अळणीच खातो. बाहेरचं मीठ लगेच जिभेला लागतं." वातावरण आणखी जड झालं.

शेतात उतरलो तर समोर धूर! तुरीच्या काड्यांचा जाळ, हवेत भाजल्या वांग्यांचा खरपूस वास, झाडाखाली सतरंज्या अंथरलेल्या. हिवाळ्यात शेतात पाहुणा आला आणि त्याला भरीत मिळालं नाही, असं आमच्या खानदेशात होतच नाही. मलाही पहिल्यांदा आनंदच झाला. भूक लागलेली होती.

मग मी योगिताचा चेहरा बघितला. ती झाडाखाली बघत होती. तिथं दोन क्रेट होते. रिकामे.

"आबा," ती कशीबशी म्हणाली, "वांगी?"

"भाजी टाकात!" आबा हसतमुखानं म्हणाले. "तूच सांगं ना, साहेबसकरता शेतस म्हनीसन. बठ्ठा भाजी टाकात. कमी पडाले नको."

झाडांवरसुद्धा एकही वांगं उरलं नव्हतं. इतक्या दिवसांचं काम ठेचून, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून, वरून तेल सोडून तयार होतं. सरांनी माझा दंड असा धरला की वळ उठला. योगिता रडली नाही. ती झाडाला टेकली आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता हिला कोण आणि काय म्हणून सांभाळायचं?

अध्यक्ष साहेबांना अजून काही माहीत नव्हतं. ते सतरंजीवर बसले. विमलअक्कांनी दोन पातेली आणून समोर ठेवली. एकाच्या कडीला पांढरं फडकं, दुसऱ्याच्या कडीला लाल! त्या माउलीनं भाजताना, ठेचताना, फोडणी देतानाही दोन्ही वेगळं ठेवलं होतं. सांगितलं होतं ना, एकत्र करायचं नाही म्हणून. मग त्या भाकरी आणायला चुलीकडे वळल्या.

साहेबांना दम नव्हता. त्यांनी चमच्यानं आधी लाल फडक्याच्या पातेल्यातलं थोडं घेतलं. चाखलं. तोंड वाकडं केलं. "मला जास्त आहे." मग पांढऱ्याच्या पातेल्यातलं घेतलं. चाखलं, थांबले, पुन्हा चाखलं. मग परत लाल, मग परत पांढरं. समितीतल्या दुसऱ्या दोघांनाही चाखायला लावलं. त्यांनीही एकमेकांकडं बघितलं.

"काय हो," साहेब अक्कांना हाक मारून म्हणाले, "भरीत फक्कड झालंय. पण एकाच हाताचं, एकाच जाळावरचं, आणि असा फरक कसा? या लाल फडक्याच्यात मीठ भरपूर आहे आणि या पांढऱ्यात टाकायला विसरलात?"

अक्का एका हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन येत होत्या. त्या जागीच थांबल्या.

"मीठ? मीठ तं हाई मना हातमा शे, साहेब. आजून एकमा बी टाकेल नही!"

 सरांच्या हातातून माझा दंड सुटला.

साहेबांनी पांढऱ्या फडक्याचं पातेलं स्वतःकडं ओढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि झाडाला टेकलेल्या योगिताकडं वळले.

"पोरी, इकडं येऊन बस. तो फवाऱ्याचा काय प्रकार आहे, पहिल्यापासून सांग."